‘बहुमत’ नेमके कशातले?

प्रश्न असा आहे: शंभर सभासदांपैकी चाळीस जणांनी मतदान केले आणि त्यांतील पंचवीस जणांनी ठरावाच्या बाजूने कौल दिला, तर ठराव ‘बहुमताने संमत झाला’ असे लिहिणे योग्य आहे का?

नियमात वेगळी अट नसेल, तर प्रयोग चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. मराठीत ‘मत’ या एकाच शब्दाने आपण अभिप्रायही सांगतो आणि पेटीत पडलेला कौलही मोजतो. त्यामुळे ‘बहुमत’ वाचताच बहुतेकांचा अभिप्राय तसा आहे असे वाटते, प्रत्यक्षात मात्र मोजलेले असतात ते फक्त पडलेले कौल. मतदान भरघोस झाले की हे दोन अर्थ एकमेकांजवळ राहतात. ते घसरले की त्यांच्यात अंतर पडते, आणि शब्द ते अंतर झाकून टाकतो. वरच्या उदाहरणात झालेल्या मतदानात बहुमत आहे, मताधिक्य दहाचे आहे, पण एकूण सभासदांत पाठिंबा चतुर्थांशच आहे. म्हणून ‘बहुसंख्य सभासदांनी ठराव स्वीकारला’ हे वाक्य, जे वृत्तान्तांत सर्रास आढळते, सरळसरळ असत्य ठरते.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. १ मार्च १९७९ रोजी स्कॉटलंडमध्ये स्वतंत्र विधिमंडळाच्या प्रश्नावर सार्वमत झाले, तेव्हा ५१.६ टक्के मते बाजूने पडली. तरीही एकूण मतदारांपैकी किमान ४० टक्क्यांचा होकार हवा अशी अट होती आणि तो होकार ३२.९ टक्क्यांवरच थांबल्याने ती योजना अमलात आली नाही. बहुमत होते आणि नव्हतेही: छेद बदलला की उत्तर बदलते.

अशी अट किंवा गणपूर्ती (बोलण्यात ‘कोरम’) मूठभरांच्या निर्णयाला आवर घालण्यासाठी असते. मात्र तिच्यामुळे न येणेही एक प्रकारचे मत होऊन बसते. हंगेरीत २०१६ साली युरोपीय संघाच्या देशांत निर्वासितांचे वाटप करण्याविषयीच्या सार्वमतात सुमारे ९८ टक्के वैध मते एकाच बाजूला पडली, पण वैध मते एकूण मतदारांच्या निम्म्याहून कमी भरल्याने सार्वमत अवैध ठरले. त्या बाजूच्या विरोधकांना जिंकण्यासाठी मतदान करण्याची गरजच उरली नाही.

येथे आणखी एक शब्द जपून वापरावा, असे मला कळकळीने वाटते. ‘उदासीन’ म्हणजे मुळात बाजूला बसलेला, ज्याला निकालाचे सोयरसुतक नाही असा. जो विचारपूर्वक मतदान टाळतो त्याला उदासीन म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याने तसे जाहीर केले असेल तर ‘बहिष्कार’ म्हणावे. सभेला येऊन कोणत्याच बाजूने मत न देणारा ‘तटस्थ’. आणि ज्याच्या न येण्याचे कारण आपल्याला ठाऊक नाही, त्याच्याविषयी ‘मतदान केले नाही’ एवढेच लिहावे.

तेव्हा विचारलेल्या प्रसंगी वाक्य असे असावे: ‘शंभरांपैकी चाळीस सभासदांनी मतदान केले; ठराव २५ विरुद्ध १५ मतांनी, म्हणजे झालेल्या मतदानातील बहुमताने, संमत झाला.’