सरपणासाठी चेनसॉ: नवा स्वस्तातला की वापरलेला चांगला?

प्रश्न: घरच्यापुरते सरपण कापायचे आहे. ओंडके बहुतेक 20 ते 30 सेंटिमीटर जाडीचे. एकाच किमतीत दोन पर्याय समोर आहेत: अनोळखी बनावटीचा नवा '58 सीसी' चेनसॉ आणि नावाजलेल्या कंपनीचा वापरलेला 45 सीसीचा. कोणता घ्यावा?

उत्तर: पिस्टन शाबूत असेल तर वापरलेला घ्या. नव्या स्वस्त मशीनच्या अंगावर छापलेला आकडा बरेचदा मॉडेलचा असतो, सीसीचा नव्हे. माहितीपत्रकात सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक दिला असेल तर स्वतःच हिशेब करा: व्यास गुणिले व्यास गुणिले 0.785 गुणिले स्ट्रोक, सगळे मिलिमीटरमध्ये, आणि उत्तराला 1000 ने भागा. 40 मिमी व्यास आणि 32 मिमी स्ट्रोक म्हणजे जेमतेम 40 सीसी. हे आकडेच दिले नसतील तर काय समजायचे ते समजा.

तसेही तुमच्या कामाला 58 सीसी लागत नाही. 35 ते 45 सीसी आणि 14 किंवा 16 इंची बार (ज्या पट्टीभोवती चेन फिरते ती) पुरे. श्टील कंपनीचा एमएस 180 हा 31.8 सीसीचा आहे. फांद्या आणि वीतभर जाडीच्या लाकडाला ठीक. एमएस 250 हा 45.4 सीसीचा, तुमच्या ओंडक्यांना पुरून उरेल. स्वस्त मशीनला 20 किंवा 22 इंची बार लावून देतात, तो दिसायला दणकट. पण लांब चेन ओढण्यातच ताकद जाते, टोकापर्यंत तेल पोचत नाही आणि कानस मारायला दात जास्त.

खरी मेख सुट्या भागांत आहे. पैसे देण्याआधी दुकानात विचारा: या मॉडेलचा ऑइल पंप, क्लच ड्रम आणि कार्ब्युरेटरचे किट मिळते का? 'अजून कुणी मागितले नाही' असे उत्तर आले तर तो सौदा सोडा. लाकूड अंगणातच येऊन पडत असेल, तर 2000 वॅटचा वायरवाला इलेक्ट्रिक चेनसॉ या दोन्हींपेक्षा सोयीचा. फक्त वायर जाड हवी. लांब आणि बारीक वायरीत विजेचा दाब उतरतो आणि मोटर तापते.

प्रश्न: वापरलेले मशीन बघायला जाताना नेमके काय तपासायचे? विकणारा म्हणतो, एका दोरीत सुरू होते.

उत्तर: गरम मशीन एका दोरीत सुरू होणारच. तुम्ही पोचण्याआधी ते चालवून ठेवू नका, असे आधीच सांगा. इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करा, मग स्विच बंद ठेवून स्टार्टरच्या मुठीला धरून मशीन उचला. दोरी टप्प्याटप्प्याने, अडखळत सुटायला हवी. सरसर सुटून मशीन खाली आले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेले. तो मोजायचे गेज असेल तर 150 पीएसआय उत्तम, 120 चालेल, 100 च्या खाली हात जोडून निघा.

यानंतरची पायरी विकणाऱ्याला आवडत नाही, पण सोडू नका. प्लगची टोपी काढा, सायलेन्सरचे बोल्ट खोला आणि एक्झॉस्टच्या भोकातून बॅटरीचा उजेड टाका. दोरी हळूहळू ओढली की पिस्टन वरखाली होताना दिसतो. त्याची बाजू गुळगुळीत, हलक्या आडव्या यंत्ररेषांची असावी. उभे ओरखडे दिसले आणि रिंग धातूत दबलेली वाटली, तर कुणीतरी बिनतेलाचे पेट्रोल घातले आहे किंवा सील गळून मिश्रण पातळ झाले आहे, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी. इनटेकच्या बाजूला ओरखडे असतील तर फाटक्या फिल्टरमधून भुसा आत गेला. सिलिंडर-पिस्टन बदलता येतो, पण कारण तसेच राहिले तर नवाही तसाच जळतो.

आता सायलेन्सर बसवून सुरू करा. आयडलवर, म्हणजे रेस न करता इंजिन हळू चालू असताना, चेन फिरता कामा नये. फिरत असेल तर आधी आयडलचा स्क्रू कमी करा. तरीही फिरली तर क्लचची स्प्रिंग गेली. मशीन या-त्या कुशीवर कलंडवा. कलंडवताच वेग आपोआप चढत असेल तर क्रँकच्या सीलमधून हवा जाते आहे, कार्ब्युरेटर कितीही फिरवला तरी ते सुधारणार नाही. बारचे टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस करा, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. शेवटी पूर्ण वेगात चेन ब्रेक पुढे ढकला: चेन त्याच क्षणी थांबायला हवी. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडावर येते, तेव्हा हाच ब्रेक वाचवतो.

बार आणि चेन झिजलेली असेल तर फार मनावर घेऊ नका, तेवढी किंमत उतरवा. स्प्रॉकेटवर (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकावर) अर्धा मिलिमीटर खोल खाचा पडल्या असतील तर नव्या चेनबरोबर तोही बदला. नाहीतर नवी चेन लवकर ताणते.

प्रश्न: पेट्रोलमध्ये तेल किती?

उत्तर: मशीनच्या पुस्तिकेत असेल तितके. 50:1 म्हणजे लिटरला 20 मिलि, 25:1 म्हणजे 40 मिलि. टू-स्ट्रोकचेच तेल घाला. मिश्रण महिनाभरात संपेल इतकेच करा. शिळे पेट्रोल टाकीत राहिले की कार्ब्युरेटरमधले डायफ्राम (लवचीक पडदे) कडक होतात. 'चालत नाही' म्हणून स्वस्तात निघालेल्या कित्येक मशीनचा रोग एवढाच असतो.

प्रश्न: काप सरळ जात नाही, एका बाजूला वळतो. बार वाकला असेल का?

उत्तर: क्वचित. बहुधा एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट झालेले असतात. दोन्ही बाजूंच्या दातांची लांबी मोजा आणि सगळ्यात लहान दाताएवढे बाकीचे घासा, कोन 30 अंश. कानस चेनच्या पिचप्रमाणे (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचे इंचातले माप): 3/8 लो-प्रोफाइलला 4 मिमी, 0.325 ला 4.8 मिमी. दात किती खोल चावेल ते ठरवणारी दातापुढची मर्यादा-पट्टी दातापेक्षा साधारण 0.65 मिमी खाली ठेवा. ती उंच राहिली तर चेन लाकूड चावत नाही, छिलप्याऐवजी पीठ पडते. फार खाली गेली तर मशीन हिसके देते. दात सारखे करूनही काप वळत असेल, तर बार काढून त्याच्या दोन्ही कडा सपाट फरशीवर उभ्या ठेवून बघा. एक कड दुसरीपेक्षा खाली गेली असेल तर सपाट कानशीने दोन्ही सारख्या करा आणि बार उलटा बसवा.