अंगणवाडी असताना आहारतज्ज्ञ कशासाठी?

प्रश्न : आमच्या धारणी तालुक्यातील गावात अंगणवाडीतून आहार मिळतो. मग सार्वजनिक आरोग्य आहारतज्ज्ञाचे वेगळे काम काय? – एक वाचक

उत्तर : आहार मिळणे आणि तो अंगी लागणे यांत मोठे अंतर असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित मानले जाते. ही मोजणी अंगणवाडीत होते. परंतु असे आजारी मूल पोषण पुनर्वसन केंद्रात आल्यावर त्याला किती दूध, किती वेळाने द्यायचे, हे डॉक्टरांसोबत आहारतज्ज्ञ पाहतात, कारण एकदम भरपूर खाऊ घालणे त्याच्या जिवावर बेतू शकते. मूल घरी परतल्यानंतरचे काम तर मला अधिक मोलाचे वाटते. आईला बाजारातला महागडा डबा न सुचवता, तुरीच्या घट्ट वरणात ज्वारीची भाकरी कुस्करून, वर चमचाभर तेल घालून, दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवायला शिकवावे लागते. रक्तक्षय असलेल्या गरोदर बाईला शेवग्याच्या भाजीवर लिंबू पिळायला आणि जेवणाला लागून चहा टाळायला सांगणे, हेही त्यातच आले. मुलाचे वजन घटत असल्यास सेविकाताईंना लगेच दाखवावे. पुढे पाठवण्याची सोय तेथूनच होते.