मुलीच्या अमेरिकेच्या ग्रीन कार्डसाठी वकील कसा निवडायचा आणि फी कुणाला, कशी द्यायची?

काका, तुम्ही जे लिहिलंय ते मला असं समजलं. जावई अमेरिकेत, त्यांच्याकडे ग्रीन कार्ड आहे. मुलगी लग्नानंतर तुमच्याकडे सांगलीतच आहे. विश्रामबागेतल्या एका कन्सल्टन्सीने ‘आमचा तिकडे वकील आहे, सगळं आमच्यावर सोडा’ म्हणून साडेतीन लाख सांगितलेत, निम्मे आधी. तुम्ही पंचवीस हजार टोकन दिलंय आणि मुलीचा पासपोर्टही त्यांच्याकडे ठेवलाय. आता रक्कम वाजवी आहे का आणि वकील खरा कसा ओळखायचा, हे विचारताय.

मी साताऱ्याची. न्यू जर्सीत एका इमिग्रेशन वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल होते, म्हणजे फॉर्म भरणं, फाइल लावणं आणि क्लायंटचे फोन घेणं. आता गावी परत आलेय. मी वकील नाही, पण वकिलाकडे पैसे कशाचे घेतात आणि कशाचे घेत नाहीत ते पाहिलंय, त्यावरून सांगते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की या केसमध्ये अर्ज तुमच्या मुलीने करायचाच नसतो. आय-१३० नावाचा पहिला फॉर्म जावयांनी अमेरिकेच्या यूएससीआयएस या खात्याकडे भरायचा असतो. नंतर आपण बायकोला सांभाळू शकतो हे दाखवणारं आय-८६४ हमीपत्रही त्यांनीच द्यायचं, त्यांच्या पगारावर आणि टॅक्स रिटर्नवर. मुलीचं काम येतं शेवटी: डीएस-२६० हा व्हिसा अर्जाचा फॉर्म, मेडिकल आणि मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधली मुलाखत. त्यामुळे वकील जावयांनी नेमायचा, करार त्यांच्या नावाने व्हायचा आणि जमलं तर फीही त्यांच्याच तिकडच्या खात्यातून जायची. तुमच्या प्रश्नात जावयांचा उल्लेख एकदाच आलाय, तेवढं मला खटकलं. ‘व्हिसाचा खर्च मुलीकडच्यांनी करायचा’ असं बैठकीत ठरलं असेल तर तो तुमच्या घरातला विषय. पैसे तुमचे असले तरी वकील त्यांनी शोधायचा.

आता खरा-खोटा. माझ्या मते एकच प्रश्न विचारायचा: सही कोण करणार? अमेरिकेत वकील एखाद्याची केस घेतो तेव्हा जी-२८ नावाचा फॉर्म भरतो. त्यात त्याचं नाव, कुठल्या राज्याचा परवाना आहे ते, परवान्याचा नंबर आणि त्याची व क्लायंटची अशा दोघांच्या सह्या असतात. हा फॉर्म नसेल तर खात्याच्या लेखी त्या केसला वकील नाही. शिवाय आय-१३० च्या शेवटी फॉर्म भरून देणाऱ्याने नाव लिहून सही करायची वेगळी जागा असते. आपल्याकडचे बरेच एजंट नेमकी तीच जागा कोरी सोडतात. अर्जदाराने स्वतःच भरलाय असं दिसतं, आणि उद्या काही निघालं तर सही फक्त तुमच्या माणसाची. डीएस-२६० मध्येही ‘फॉर्म भरायला कुणाची मदत घेतली का’ असा सरळ प्रश्न आहे. तिथे ‘नाही’ लिहा असं सांगणाऱ्याकडून त्याच दिवशी उठून यायचं.

त्या कन्सल्टन्सीला विचारा, जी-२८ वर कुणाचं नाव येणार? नाव आणि राज्य मिळालं की जावयांना पाच मिनिटांचं काम आहे. इमिग्रेशन हा तिथे केंद्राचा कायदा, म्हणून कुठल्याही राज्याचा परवाना असलेला वकील ही केस चालवू शकतो. जावई टेक्सासमध्ये आणि वकील न्यूयॉर्कचा असला तरी बिघडत नाही. परवाना मात्र त्या त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, किंवा कोर्टाच्या साइटवर नाव टाकून फुकट तपासता येतो. परवाना चालू आहे की निलंबित, हे तिथे दिसतं, आणि बऱ्याच ठिकाणी पूर्वी काही कारवाई झाली असेल तर तीही. ‘आयला’ या वकिलांच्या संघटनेचं सदस्यत्व चांगलं, पण तो परवाना नव्हे.

‘आमचा वकील’ या शब्दांवर आणखी एक. अमेरिकन वकिलाला आपली फी वकील नसलेल्या माणसाबरोबर वाटून घ्यायला तिथल्या नियमांनी जवळपास सगळीकडे बंदी आहे. तुमच्याकडून साडेतीन लाख घेऊन त्यातले काही तिकडे पाठवायचे अशी व्यवस्था असेल, तर परवाना जपणारा वकील त्यात पडणार नाही. आणि पडला असेल तर असा वकील तुम्हाला कशाला हवा? आपल्याकडचंही सांगते. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे भारतातल्या वकिलाला जाहिरात करता येत नाही. चौकात ‘इमिग्रेशन लॉयर’ असा फ्लेक्स दिसला तर तो कुणा वकिलाचा असण्याची शक्यता कमीच. काही जण भिंतीवरचं परदेशी नोकरभरतीचं लायसन्स दाखवतात. ते १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालचं, परदेशात कामगार पाठवण्यासाठीचं असतं. तुमच्या मुलीच्या केसशी त्याचा संबंध नाही.

परवाना असलेले सगळेच हुशार नसतात हेही खरं. आमच्या ऑफिसात फोन आला की फीचा आकडा सांगण्याआधी आम्ही एक गोष्ट हमखास विचारायचो: ग्रीन कार्ड लग्नाआधी मिळालं की लग्नानंतर, आणि कशावरून? लग्न आधी झालं आणि नोकरीवरचं ग्रीन कार्ड नंतर मिळालं, असा क्रम असेल तर बहुधा आय-१३० लागतच नाही. ‘फॉलोइंग टू जॉइन’ म्हणून वेगळी वाट आहे, आय-८२४ फॉर्मची. कार्ड लग्नाआधीचं असेल तर मुलगी एफ२ए या, ग्रीन कार्डवाल्यांच्या जोडीदारांच्या रांगेत लागते. रांग किती सरकली ते अमेरिकन सरकारच्या दर महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये कळतं, आणि ती कुणाच्या ओळखीने सरकत नाही. कार्ड मिळून साधारण पाच वर्षं झाली की जावयांना नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. ते नागरिक झाले की मुलगी रांगेतून बाहेर पडते, कारण नागरिकाच्या जोडीदाराला रांगच नाही. म्हणजे कार्डावरची एक तारीख पाहून वकिलाने सगळा बेत आखायला हवा. ती न विचारता ज्याने साडेतीन लाख सांगितले, त्याला केस समजलेली नाही.

तुमच्याकडे ‘तोवर टुरिस्ट व्हिसावर पाठवून देऊ’ असं कुणी म्हणालं का? म्हणालं असेल तर सांभाळा. टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये ‘तुमच्यासाठी कुणी इमिग्रंट अर्ज केला आहे का’ असं विचारलेलं असतं. खरं लिहिलं तर व्हिसा मिळणं कठीण, आणि खोटं लिहिलं तर फसवणुकीचा ठपका बसतो. तो कायमचा असतो, माफीचा वेगळा अर्ज मंजूर झाला तरच सुटका. एजंट त्याची फी घेऊन मोकळा होतो.

वकील लागतोच का? साधी केस असेल, म्हणजे दोघांचंही पहिलं लग्न, कुणाचा व्हिसा कधी नाकारलेला नाही, पोलीस केस नाही आणि जावयांचा पगार बरा, तर शिकलेली दोन माणसं हे फॉर्म स्वतः भरू शकतात. फॉर्म फुकट मिळतात, सूचनाही सोबत असतात. अशा वेळी चांगल्या वकिलाचा तासभराचा सल्ला विकत घ्यायचा आणि भरलेला फॉर्म एकदा त्याच्या नजरेखालून घालायचा. माझ्या मते तुमच्यासाठी हाच मार्ग बरा, अर्थात तुम्ही न लिहिलेलं काही नसेल तर.

पण काही गोष्टी असतील तर वकिलावाचून हलायचं नाही. जावयांचं स्वतःचं ग्रीन कार्ड आधीच्या लग्नावरून मिळालेलं असणं, ही एक. दोघांपैकी कुणी तिकडे मुदत संपल्यावर राहिलेलं असणं किंवा अटक झालेली असणं, ही दुसरी. आणि आपल्या भागात हमखास निघते ती फारकत. पहिलं लग्न मोडलं, दोन्हीकडची चार माणसं बसली, स्टँप पेपरवर लिहून नोटरी केली आणि झालं, असं सातारा-सांगलीकडे आजही चालतं. अमेरिकन अधिकारी कोर्टाचा हुकूमनामा मागतो. रूढीने झालेल्या घटस्फोटाला हिंदू विवाह कायद्यात जागा आहे, पण तशी रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं. नोटरीचा कागद एकट्याने पुरत नाही. त्यावर दुसरं लग्न उभं असेल तर सगळी केस डळमळते. असं काही असेल तर आधी इथल्या दिवाणी वकिलाला गाठा, अमेरिकेतला मागाहून.

जन्मदाखल्यावर मुलीचं नाव नसणं किंवा दाखलाच उशिरा काढलेला असणं, हेही नेहमीचंच. त्याला वकील लागत नाही. ग्रामपंचायतीत किंवा महापालिकेत नोंद दुरुस्त करून घ्यायची, नसेल तर तसा दाखला आणि जोडीला शाळेचा दाखला, वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. लग्नाची नोंदणी केली नसेल तर ती आजच उरका. लग्नानंतर नाव बदलायची सक्ती अमेरिकेला नाही. त्यासाठी गॅझेट करा म्हणून कुणी दहा हजार मागत असेल तर देऊ नका. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर दोन्ही भाषा नीट येणाऱ्या कुणीही करून खाली तसं लिहून सही केली की यूएससीआयएसला चालतं.

आता पैसे. सरकारी फी वेगळी आणि वकिलाची वेगळी. या दोन्ही एका आकड्यात कोंबून सांगणाऱ्याकडून आधी फोड करून मागायची. एप्रिल २०२४ च्या दरांप्रमाणे आय-१३० ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर, कागदावर ६७५. पुढच्या टप्प्यात हमीपत्राचे १२०, व्हिसा अर्जाचे ३२५, आणि व्हिसा मिळाल्यावर कार्डासाठी २३५. ऑनलाइन धरून १३०५ डॉलर होतात. भरण्याआधी सरकारी साइटवर दर पुन्हा पाहून घ्या. मेडिकलचे पैसे ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडे, पोलीस क्लिअरन्सचे पासपोर्ट खात्याला.

वकिलाची फी अशा कामाला बहुतेक जण ठोक घेतात, त्यांच्या भाषेत फ्लॅट फी. मी पाहिलेल्या साध्या केसेस दीड हजार ते चार हजार डॉलरच्या मधल्या. म्हणजे तुमचे साडेतीन लाख आकड्याने अगदी अशक्य नाहीत. एखादा खरा वकील तेवढे घेईलही. तुम्हाला मात्र त्या पैशात वकील मिळतोय याचा एकही कागद मिळालेला नाही.

करारात काय काय धरलंय ते वाचा. आय-१३० पुरतं, की मुंबईच्या मुलाखतीपर्यंत? खात्याने जादा पुरावा मागितला, ज्याला आम्ही आरएफई म्हणायचो, तर त्याचं उत्तर याच फीत की वेगळे पैसे? मुलगी तिकडे पोहोचेल तेव्हा लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर तिला दोन वर्षांचंच कार्ड मिळतं, आणि ते संपण्याआधी, पुढे कार्ड टिकवण्यासाठी, आय-७५१ फॉर्म भरावा लागतो. तो बहुतेक करारांत नसतो, पण नाही असं स्पष्ट लिहिलेलं बरं. केस मध्येच सोडली तर किती परत, हेही बघा. न्यूयॉर्कमध्ये तर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशा अटीवर रिटेनर, म्हणजे आगाऊ फी, घ्यायलाच बंदी आहे. हप्ते कामाच्या टप्प्यांवर बांधून घ्या: थोडे करार होताना, थोडे अर्ज पाठवताना, उरलेले आय-१३० मंजूर होऊन अमेरिकेतल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे केस गेल्यावर. आगाऊ रक्कम बऱ्याच राज्यांत वकिलाने आपल्या पैशांत न मिसळता ट्रस्ट अकाउंटमध्ये ठेवायची असते, तेव्हा ‘पैसे कुठल्या खात्यात जमा होणार’ हे विचारायला संकोच नको. व्हिसा मिळेलच अशी खात्री देणारा मात्र लगेच सोडायचा. तशी खात्री कुणी देऊ शकत नाही.

तुम्हालाच खर्च करायचा असेल तर बँकेतून रीतसर पाठवा. पॅन, परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा ए२ फॉर्म आणि वकिलाचं बिल लागेल. वर्षाला दहा लाखांच्या आत असेल तर त्यावर टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, कापला जात नाही. रोख द्यायचं नाही आणि कुणाच्या खाजगी मोबाइल नंबरवर पाठवायचं नाही.

अर्ज गेला की पावती येते, तिच्यावर तीन अक्षरं आणि दहा आकडे असा नंबर असतो. तो जावयांकडे हवाच, मग केस कुठवर आली ते सरकारी साइटवर स्वतः पाहता येतं. ‘नंबर आमच्याकडे सुरक्षित आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नका. आणि ‘मुलाखतीला आमचा वकील बरोबर असेल’ असं सांगत असतील तर तेही सोडून द्या. बीकेसीच्या कॉन्सुलेटमध्ये खिडकीपुढे मुलीलाच उभं राहायचंय आणि उत्तरं तिलाच द्यायचीत. ती तिला फॉर्म स्वतः वाचल्याशिवाय येणार नाहीत.

राहिला मुलीचा पासपोर्ट आणि तुमचं टोकन. पासपोर्ट उद्याच जाऊन घेऊन या. या टप्प्यावर त्याची झेरॉक्स पुरते, आणि खाजगी माणसाला तो अडकवून ठेवायचा अधिकार नाही. नाही म्हणाले तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या. बहुतेक वेळा अर्जाचं नाव काढलं की ड्रॉवर उघडतो. पंचवीस हजारांची पावती मागा आणि काम थांबवतोय, पैसे परत द्या, असं लेखी कळवा, व्हॉट्सअॅपवर आणि स्पीड पोस्टानेही. नाही दिले तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. ‘आमचा वकील’ म्हणून त्यांनी काही नाव सांगितलं असेल तर ते आणि राज्य इथे कमेंटमध्ये टाकू नका, जावयांना पाठवा, त्यांनी बारच्या साइटवर पाहिलं की बास.