हेपॅटायटिस सीच्या विषाणूवरील रेणुस्तरीय संशोधनाचा नव्या औषधांना नेमका काय उपयोग झाला?

विषाणूची रचना उलगडली की औषध आपोआप सापडते का, असा प्रश्न यामागे आहे. यकृताच्या हेपॅटायटिस सी या आजारापुरते सांगायचे तर रचनेच्या ज्ञानापेक्षाही अधिक श्रेय मी एका प्रायोगिक युक्तीला देईन.

१९८९ साली ओळख पटलेल्या या विषाणूचा जनुकसंच म्हणजे सुमारे ९,६०० न्यूक्लिओटाइडांचा (म्हणजे साखळीतील घटकांचा) आरएनएचा एकच धागा. त्यावरून एक लांबलचक प्रथिन तयार होते आणि ते कापले जाऊन दहा प्रथिने सुटी होतात. यातले बरेचसे कापण्याचे काम एनएस३ हे प्रोटिएझ करते, तर आरएनएच्या प्रती एनएस५बी हे पॉलिमरेझ काढते. ही दोन विकरे (एन्झाइम) रोखायला हवीत हे लवकरच उमगले होते. पण विषाणू प्रयोगशाळेतील पेशींत नीट वाढतच नसल्याने औषध तपासायचे कशावर, हा खरा पेच होता. १९९९ मध्ये जर्मनीत लोमान आणि बार्टेनश्लागर यांच्या गटाने विषाणूच्या बाह्य रचनेची जनुके वगळून त्या जागी प्रतिजैविकाला दाद न देणारे जनुक बसवले. हा आरएनए यकृताच्या कर्कपेशींत सोडून त्यांच्यावर ते प्रतिजैविक घातल्यावर, ज्यांच्यात तो स्वतःच्या प्रती काढत राहिला, तेवढ्याच पेशी तगल्या. स्वतःच्या प्रती काढणाऱ्या अशा आरएनएलाच रेप्लिकॉन म्हणतात.

विषाणूचे एनएस५ए हे आणखी एक प्रथिन विकर नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने शोधणाऱ्यांनी त्याच्याकडे बहुधा पाहिलेही नसते. रेप्लिकॉनवरील चाचण्यांत मात्र प्रती रोखणारी संयुगे आधी सापडली आणि त्यांना न जुमानणाऱ्या प्रतींमधील बदल एनएस५एमध्ये दिसल्यावर ती कुठे काम करतात हे मागाहून कळले. डॅक्लाटास्विर हे औषध याच वाटेने आले. सोफोसबुविर या दुसऱ्या औषधाची कथा अधिक सरळ आहे: यकृतपेशीत ते सक्रिय होते, पॉलिमरेझ त्याला आरएनएचा नेहमीचा घटक समजून साखळीत ओवते आणि साखळी तिथेच खुंटते.

हे पॉलिमरेझ आपल्या चुका दुरुस्त करत नाही, म्हणून औषधाला न जुमानणारे काही विषाणू रुग्णाच्या शरीरात आधीपासूनच असू शकतात; यासाठी वेगवेगळ्या प्रथिनांवरील औषधे एकत्र दिली जातात. इंटरफेरॉन आणि रिबाव्हिरिन या जुन्या औषधांच्या ४८ आठवड्यांच्या उपचाराने विषाणूच्या पहिल्या जनुकप्रकाराचे जेमतेम निम्मे रुग्ण बरे होत; आता नव्या औषधांनी ८ ते १२ आठवड्यांत ९५ टक्क्यांहून अधिक होतात. शिवाय हेपॅटायटिस बी किंवा एचआयव्हीप्रमाणे हा विषाणू पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने दडून राहत नाही, त्यामुळे प्रती निघणे पुरेसा काळ थांबले की संसर्ग मुळापासून संपतो.