वाचकांचे प्रश्न : लेकरं आदिमानव झालीत, काय करू?

प्रश्न : ताई, उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन औशाजवळ सासरी आलेय. मोठा पाचवीत, त्याला शाळेत आदिमानव शिकवला तेव्हापासून दोघं बहीण-भाऊ आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) टोळी करून राहायलेत. तुराट्यांची झोपडी, मातीची भांडी, पळसाच्या पानाच्या टोप्या, नुसता धिंगाणा. भांडी वाळली की तडकतात मग धाकटी रडत बसते, मोठा दगडावर दगड हाणतो त्याची मला भीती वाटते. सासूबाई म्हणतात खेळू दे, आणि हे म्हणतात समर कॅम्पला टाक. ऑनलाइन पॉटरी किट मिळतं ते मागवू का?
— एक आई

उत्तर : किट नको हो, समर कॅम्प तर अजिबातच नको! पैसे देऊन जे मिळत नाही ते आखाड्यावर फुकट चाललंय.

भांडी तडकतात त्यात धाकटीचा काही दोष नाही, माती आपली काळी आहे. मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात तेच वाटीचं होतं, ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते. कुंभार म्हणूनच मातीत राख, बारीक वाळू, लीद असं काहीबाही कालवतो आणि कच्चं भांडं सावलीत हळूहळू वाळवतो. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावासुद्धा भुसा-काडी घातलेल्या मातीचाच आहे. पण हे लगेच सांगून टाकू नका, अजून दोन-चार वाट्या तडकू द्या, मग गावात कुंभार असेल तर तिलाच घेऊन जा आणि तिलाच विचारू द्या. वाळलेल्या वाटीत पाणी ओतलं की तिचा चिखल होतो हेही तिचं तिला कळू द्या.

झोपडी तुराट्यांची आहे म्हणता, तर शेण-माती कालवून लिंपायला लावा की, झाला कूड! पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला उत्खनन झालं तिथं तीन हजार वर्षांपूर्वीची अशीच कुडाची घरं सापडली, आणि ती माणसं शेती करत होती, म्हणजे तुमची टोळी गुहेतून केव्हाच बाहेर पडलीय.

आजोबा असतील तर त्यांच्याकडून अंबाडीच्या वाकाची (सालीच्या धाग्यांची) दोरी वळायला शिकायला सांगा. मांडीवर दोन पेड एकाच बाजूला पिळायचे आणि मग एकमेकांवर उलट्या बाजूनं चढवायचे, त्या उलट्या पिळामुळंच दोरी उकलत नाही. पोरांना हे जमलं की दिवसभर दुसरं काही सुचत नाही, आणि आजोबांनाही कुणीतरी विचारलं याचं बरं वाटतं (हे लिहून ठेवा, तुमच्या ह्यांनाही दाखवा).

दगडाची भीती मात्र खरी आहे. गारगोटी काचेसारखी फुटते, कपची डोळ्यात गेली तर काय घ्या, त्यामुळं दगडावर दगड हाणायचा नाही म्हणजे नाही. त्याऐवजी काळ्या दगडावर पाणी टाकून छोटा दगड घासत बसायला लावा, धार हळूहळू येते, नवाश्मयुगात घासूनच कुऱ्हाडी करायचे. रुईचा चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही, धोत्र्याला हात नाही. तुराट्यांचा ढीग उचलण्याआधी काठीनं बडवायचा, खाली विंचू नाहीतर फुरसं असू शकतं, आणि हे काम मोठ्यांनीच करायचं. विहिरीकडं एकट्यानं जायचं नाही. दुपारी घरात. बाकी कपडे मळले तर मळू द्या.

प्रश्न : आमची पोरं दोन गारगोट्या घासून जाळ काढायला बघतात पण पेटतच नाही, काय चुकतंय?
— एक आजोबा, परभणी जिल्हा

उत्तर : आजोबा, पेटणारही नाही. अंधाऱ्या खोलीत घासल्या तर आत उजेड चमकतो आणि जळल्यासारखा वास येतो, तेवढीच गंमत, त्यात जाळ धरण्याइतकी धग नसते. जुनी माणसं चकमक वापरायची त्यात एका हाताला पोलाद असायचं, गारेनं खरवडलेला पोलादाचा बारीक कण तापून लाल होतो आणि तो जळक्या कापसावर झेलायचा. ते करायचं तर तुम्ही स्वतः करून दाखवा, पोरं लांब उभी. आणि पोरांना विस्तवाची एवढी हौस असेल तर संध्याकाळी गोवऱ्या पेटवून आरावर भुईमुगाच्या शेंगा भाजून द्या, पण कडब्याच्या गंजीपासून लांब, आणि शेजारी पाण्याची घागर भरून ठेवा.