गेम तुमचा, पण प्रत कुठून आली?

एम्युलेटर म्हणजे कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम. त्याबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच घोळ सारखा दिसतो. एम्युलेटर कायदेशीर आहे का, हे सगळे विचारतात, पण गेमची फाइल कुठून आणली ते कोणीच सांगत नाही. अर्धं उत्तर तिथेच दडलेलं असतं. म्हणून या वेळी तेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : एम्युलेटर वापरणं गुन्हा आहे का?

नाही. सोनीने कनेक्टिक्स कंपनीच्या प्लेस्टेशन एम्युलेटरविरुद्ध दावा लावला होता, त्यात २००० साली अमेरिकेच्या अपील कोर्टाने कनेक्टिक्सच्या बाजूने कौल दिला. पुढे २०१८ च्या प्लेस्टेशन क्लासिक या कन्सोलमध्ये खुद्द सोनीनेच पीसीएसएक्स रीआर्म्ड हा मुक्त-स्रोत एम्युलेटर वापरला. आणखी काय सांगू?

प्रश्न : मग 'युझू' हा निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचा एम्युलेटर का बंद पडला? कोर्टाने एम्युलेटर बेकायदा ठरवल्याचं ऐकलं.

ऐकीव आहे, सोडून द्या. निन्टेन्डोने फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा लावला आणि मार्चमध्ये तडजोड झाली. युझूवाल्यांनी २४ लाख डॉलर द्यायचं मान्य करून गाशा गुंडाळला. तडजोड म्हणजे निकाल नव्हे. मात्र निन्टेन्डोचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. स्विचचे गेम एन्क्रिप्ट केलेले, म्हणजे कुलूपबंद असतात आणि ते उघडायला कन्सोलमधल्या किल्ल्या लागतात. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात असं कुलूप तोडणं हाच स्वतंत्र हक्कभंग आहे, मग गेम तुम्ही पैसे मोजून का घेतलेला असेना. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेलं कलम ६५-अ हक्कभंगाच्या हेतूने कुलूप तोडण्याला शिक्षा सांगतं. हा हेतूचा फरक महत्त्वाचा आहे, पण तुमचा हेतू काय होता हे कोर्ट ठरवणार. नव्या कन्सोलच्या गेमला हात लावण्याआधी वकिलाला भेटा.

प्रश्न : डाउनलोड केलेला रॉम (गेमची फाइल) २४ तासांत डिलीट केला तर चालतं ना?

नाही. असं कलम नाही. रॉम वाटणाऱ्या साइट ही ओळ स्वतःच्या बचावासाठी छापतात आणि त्यांचाही बचाव होत नाही. 'लव्हरॉम्स'वाल्यांना २०१८ साली निन्टेन्डोच्या दाव्यात १ कोटी २० लाख डॉलरहून मोठा हुकूमनामा मान्य करावा लागला.

प्रश्न : बायोसची फाइल नेटवर सहज मिळते. ती घ्यायला काय हरकत आहे?

बायोस म्हणजे कन्सोल सुरू करणारा त्याच्या आतला प्रोग्राम, आणि त्यावरही कॉपीराइट असतो. स्वतःच्या कन्सोलमधून काढा, नाहीतर बायोसशिवाय चालणारा एम्युलेटर शोधा. बायोस 'सोबत फुकट' देणारं डाउनलोड दिसलं की तिथून निघा.

प्रश्न : कार्ट्रिज माझ्या कपाटात आहे, मी रीतसर पैसे मोजलेत. नेटवरचा रॉम आणि माझ्या कार्ट्रिजमधला डेटा अगदी सारखाच. डाउनलोड केला तर कोणाचं काय गेलं?

डेटा सारखा आहे हे मान्य, पण त्याने काहीच सिद्ध होत नाही. प्रत कोणी काढली आणि कशावरून काढली, कायदा एवढंच विचारतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ काढून वाचा. ज्याच्या हाती प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे त्याला ती हरवू किंवा बिघडू नये म्हणून बॅकअप काढता येतो. स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून खासगी, बिगरव्यावसायिक वापरासाठी प्रत काढायलाही मुभा आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या सॉफ्टवेअर निर्देशातही बॅकअपची तरतूद आहे. सुरुवात दोन्हीकडे तुमच्या हातातल्या प्रतीपासून होते. कोणा अनोळखी माणसाने चढवलेली फाइल हा तुमच्या कार्ट्रिजचा बॅकअप होत नाही. ती त्याच्या कार्ट्रिजची परवानगीशिवाय वाटलेली प्रत आहे.

'माझ्याकडे मूळ आहेच की' हा बचाव कोर्टात तपासून झालेला आहे. २००० साली एमपीथ्री डॉट कॉमने एक सोय काढली. तुमची सीडी कॉम्प्युटरच्या ड्राइव्हमध्ये घालून ती तुमच्याकडे असल्याचं दाखवायचं, मग त्याच अल्बमची कंपनीने स्वतः काढून ठेवलेली प्रत नेटवरून ऐकायची. सीडी ग्राहकाची, पैसे मोजलेले, गाणी तीच. तरीही न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात कंपनी हरली. टोरेंटवाल्यांची तर आणखी पंचाईत आहे, कारण फाइल उतरत असतानाच तिचे तुकडे तुमच्याकडून इतरांना जातात. म्हणजे वाटपही तुम्हीच करता.

आता 'कोणाचं काय गेलं' याबद्दल. तुमच्यापुरतं बोलायचं तर फारसं कोणाचं नाही. पैसे मोजून घेणारा आणि फुकट्या यांना मी एका पंक्तीला बसवत नाही. पण साइट तुमच्या कपाटात डोकावून फाइल देत नाही. ती दोघांनाही देते, आणि तुमच्या क्लिकवर तिच्या जाहिराती चालतात.

म्हणून प्रत स्वतः काढा. कार्ट्रिजमधला डेटा कॉम्प्युटरवर उतरवणारी यंत्रं, म्हणजे डंपर, मिळतात. पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्कला कॉम्प्युटरचा साधा ड्राइव्ह पुरतो. फक्त आयएसओ, म्हणजे नुसत्या डेटाची फाइल, काढू नका. त्यातल्या बऱ्याच डिस्कवर पहिला ट्रॅक डेटाचा आणि पुढचे ट्रॅक सरळ ऑडिओ सीडीसारखे असतात. आयएसओत ते येत नाहीत आणि गेमचं संगीत गायब होतं. बिन (सगळे ट्रॅक) आणि क्यू (ट्रॅकची यादी) अशी फाइलींची जोडी काढा, डेटा ट्रॅकचा हॅश, म्हणजे फाइलवरून काढलेला ओळख-आकडा, रीडम्प या डिस्कची नोंद ठेवणाऱ्या साइटच्या यादीशी ताडा. ऑडिओ ट्रॅक जुळले नाहीत तर घाबरू नका, तो बहुधा ड्राइव्हच्या ऑफसेटचा, म्हणजे ड्राइव्ह ऑडिओ किंचित पुढे-मागे वाचतो त्याचा, फरक असतो.

याउपर एक मेख उरतेच. गेम म्हणजे नुसता प्रोग्राम नव्हे, त्यात चित्रं आणि संगीतही असतं. युरोपच्या न्यायालयाने २०१४ साली निन्टेन्डो आणि पीसी बॉक्सच्या खटल्यात हेच म्हटलं. त्यामुळे प्रोग्रामची सवलत अख्ख्या गेमला लागू होते, असं मी छातीठोकपणे लिहून देणार नाही. घरात स्वतःपुरतं खेळण्यापलीकडे काही करायचं असेल, तर आधी कॉपीराइटचा वकील गाठा.

प्रश्न : मित्राच्या डिस्कवरून प्रत काढली तर?

मित्र खेळेल. तुम्ही नाही.

प्रश्न : कंपनी गेम विकतच नाही. मग तो सगळ्यांचा झाला ना?

नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाहीत. अमेरिकेत १९८५ साली कंपनीच्या नावे आलेला गेम २०८० च्या अखेरीपर्यंत संरक्षित आहे. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार तिथल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दूरस्थपणे दाखवण्याची मुभा मागितली, तीही ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली गेली. विकायचंही नाही आणि बघूही द्यायचं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं. पण मला काय वाटतं ते तुमचा वकील कोर्टात वाचून दाखवू शकणार नाही. आधी हक्कधारकाला पत्र लिहा.

प्रश्न : कार्ट्रिज काही सीडीसारखं खराब होत नाही. प्रत काढायची घाई कसली?

अमेरिकेतल्या एका कोर्टालाही १९८३ साली असंच वाटलं होतं. अटारी या गेम कंपनीच्या खटल्यात त्याने म्हटलं, कार्ट्रिज सहजी बिघडत नाही, म्हणून बॅकअपची सवलत त्याला नाही. बरं, चिप टिकेलही. पण अनेक जुन्या कार्ट्रिजमध्ये सेव्ह (गेम कुठवर आला त्याची नोंद) राखणारी नाण्याएवढी बॅटरी सोल्डर केलेली असते. ती संपली की तुमचा सेव्ह गेला. आधी डंपरने सेव्ह उतरवून घ्या, मग बॅटरी बदला. सोल्डरिंग येत नसेल तर जाणकाराकडे द्या. डिस्कवाल्यांनो, ओरखडे पडायची वाट पाहू नका. न वाचणाऱ्या डिस्कचा बॅकअप निघत नाही, आणि मग तुम्ही मला डाउनलोडबद्दल विचारता.

प्रश्न : दहा हजार गेम भरलेलं हँडहेल्ड मिळतंय. विक्रेता म्हणतो सगळ्याचं लायसन्स आहे.

दाखव म्हणा. निन्टेन्डोने २०१६ साली काढलेल्या एनईएस क्लासिक या कन्सोलमध्ये गेम होते ३०. स्वतः हक्कधारक तीस देतो आणि हा दहा हजार? यंत्र रिकामं घ्या, मेमरी कार्ड परत करा. पायरेटेड प्रोग्राम जाणूनबुजून वापरणंही भारतात कलम ६३-ब खाली गुन्हा आहे, तेव्हा 'मी फक्त विकत घेतलं' म्हणून सुटका होईलच असं नाही. घेऊन बसला असाल तर वकिलाशी बोला.

प्रश्न : मूळ डिस्क विकली. काढलेली प्रत ठेवू का?

नाही. पुसा.