प्रॉम्प्टरची वही तिच्याकडेच राहू द्या

सौ. ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं फोंड्याहून आलेलं पत्र मी दोनदा वाचलं. लेक बारावी कॉमर्सला आहे आणि तिला दिग्दर्शकच व्हायचंय, मग ते नाटक असो, सिनेमा असो की मालिका. तिच्या बाबांना वाटतं, बी.कॉम. करून बँकेच्या परीक्षा द्याव्यात. तिला वाटतं, निकाल लागला की थेट मुंबई. तुम्ही विचारता की बाईमाणसाचं या कामात निभेल का, पोट भरेल का. आणि शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, लिहिता की गेल्या जत्रेच्या नाटकाच्या तालमी तिने घ्यायला सुरुवात केली तेव्हा मंडळातल्या ज्येष्ठांनी "तू प्रॉम्प्टिंग कर, बसवायचं आम्ही बघतो" म्हणून वही तिच्या हातात दिली, आणि ती रात्रभर रडली.

माझ्या दृष्टीने सगळ्या पत्रातली महत्त्वाची गोष्ट तीच आहे. ज्येष्ठांचं चुकलंच. पण ती वही तिने टाकून देऊ नये. विंगेत बसून नटांना विसरलेले संवाद पुरवणाऱ्या प्रॉम्प्टरला जेवढं नाटक दिसतं तेवढं नटालाही दिसत नाही. कोण रोज एकाच शब्दाला अडखळतो, कोणाचा पॉज लांबतो, कोण बोलता बोलता प्रेक्षकांकडे पाठ करतो, हे सगळं तिच्यासमोर घडत असतं. तिला सांगा, उजव्या पानावर संवाद आणि डावं पान कोरं ठेव. त्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने रंगमंचाचा चौकोन काढायचा, दार कुठे, खाट कुठे, कोणत्या वाक्यावर कोण कुठून कुठे गेलं याचे बाण, लाइट कुठे बदलला, पेटी कुठे वाजली. वीस तालमींनंतर ती प्रॉम्प्टिंगची वही राहत नाही, दिग्दर्शनाची संहिता होते. उद्या ती मालिकेच्या सेटवर सहायक झाली तर हेच काम वेगळ्या नावाने करील. दुपारी घेतलेल्या शॉटमध्ये चहाचा कप डाव्या हातात होता, तर संध्याकाळी क्लोजअप घेताना तो डाव्याच हातात हवा. ही कंटिन्युइटी सांभाळणारी मुलगी दोन महिन्यांत युनिटला हवीहवीशी होते.

आता मुंबई. अठराव्या वर्षी, ओळख ना पाळख अशा अवस्थेत जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या एफटीआयआयचा, म्हणजे फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटचा, दिग्दर्शन आणि पटकथालेखनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असो, तिथलाच टीव्ही दिग्दर्शनाचा एक वर्षाचा असो, की दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा असो, सगळीकडे आधी पदवी लागते. शाखा कोणतीही चालते. दिल्लीला तर नाटकांत प्रत्यक्ष काम केल्याचा अनुभवही मागतात. म्हणजे बाबांचं बी.कॉम. तिच्या वाटेत आडवं येत नाही. फक्त संध्याकाळ तालमीसाठी मोकळी राहिली पाहिजे. हे मी आग्रहाने सांगते, कारण पूर्वी एका हुशार मुलीला मीच म्हटलं होतं, "आधी बी.एड. कर, मग नाटक." तिच्या आयुष्यात तो "मग" आलाच नाही. ती भेटते तेव्हा अजून मला वाईट वाटतं.

आणि गोव्यात राहून तीन वर्षं वाया जातील असं तिने मुळीच समजू नये. जत्रेला, काल्याला, चवथीला गावागावांत मराठी नाटक उभं राहतं, कला अकादमीची नाट्यस्पर्धा आहे, नाट्यविद्यालय पणजीतच आहे. तुमच्या फोंड्यात राजीव गांधी कला मंदिर आहे, मडगाव, कुडचडे, साखळीला रवींद्र भवनं आहेत. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, आपल्या दाराशी भरतो. विद्यार्थी म्हणून नाव नोंदवून तिने दरवर्षी रोज तीन-चार सिनेमे बघावेत आणि प्रत्येकावर अर्धं पान लिहावं.

बाईमाणसाचं निभेल का? विजया मेहतांनी 1960 साली 'रंगायन' ही नाट्यसंस्था उभी केली, पुढे 'बॅरिस्टर', 'हमीदाबाईची कोठी' ही नाटकं बसवली, 'रावसाहेब' आणि 'पेस्तनजी' हे सिनेमे केले आणि दूरदर्शनसाठी 'लाइफलाइन' ही मालिकाही केली. तिन्ही माध्यमं, पण पाया तालमीचा. सई परांजपे आकाशवाणीवरून दिल्लीच्या नाट्य विद्यालयात, तिथून दूरदर्शनवर आणि मग 'स्पर्श', 'कथा' या सिनेमांपर्यंत गेल्या. दिग्दर्शिका सुमित्रा भावे मूळच्या समाजकार्य आणि संशोधनातल्या. त्यांचा पहिला लघुपट 'बाई' 1985 चा, म्हणजे चाळिशी उलटल्यावरचा. सुनील सुकथनकरांबरोबर केलेल्या 'कासव' सिनेमाला पुढे राष्ट्रीय पुरस्कारांतलं सुवर्णकमळ मिळालं. तुमच्या लेकीला घाई करण्याचं काही कारण नाही.

पैशाचं खरं सांगते. नुसत्या नाटकावर गोव्यात घर चालवणं कठीण आहे. मालिकांत काम नियमित मिळतं, पण बारा-बारा तासांच्या शिफ्ट असतात आणि सहायकाची पहिली काही वर्षं हातात फार थोडं येतं. म्हणून तिने संकलन, म्हणजे एडिटिंग, शिकून घ्यावं. त्यावर लग्नाच्या, जाहिरातीच्या व्हिडिओंची कामं मिळतात आणि सिनेमाची समजही वाढते. शाळांतून नाट्यशिबिरं घेता येतात. सेटवर जाताना दोन प्रश्न न लाजता विचारायचे: रात्री घरी सोडायची सोय कोणाची, आणि कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रार समितीत कोण आहे? दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे ती समिती असायलाच हवी. नीट उत्तर न देणाऱ्या ठिकाणी जाऊ नये.

राहिले मंडळाचे ज्येष्ठ. त्यांच्याशी भांडू नका. यंदा प्रॉम्प्टिंग करते, बदल्यात एक एकांकिका माझ्याकडे द्या, असं तिने स्वतः जाऊन मागावं. पन्नाशीचा नट अठरा वर्षांच्या मुलीचं ऐकतो, पण ती तयारी करून आलेली असली तर. "इथे थांबा" म्हटल्यावर "का?" असं विचारलं गेलं, की उत्तर तिच्या डाव्या पानावर असायला हवं.

एकांकिका मिळाली, की तिच्या बाबांना एकदा घेऊन जा. प्रयोगाला नको, तालमीला न्या. मागच्या खुर्चीत तासभर बसू दे त्यांना. त्यानंतर तिघंही माझ्याकडे या, आणि येताना ती वही आणा.

तुमची,
मार्गदर्शक ताई